एका आवाजातली माणसं

लामाराबाईंनी सांगितलंय, रोज एक सिनेमा बघा
आणि वहीत गोष्ट लिहू नका, गोष्ट काय कुणीही सांगेल.
दिसलं तेवढंच लिहा.

सोमवारी दिसला एक नावाडी. दोन तास दहा मिनिटं.
नदी ओलांडतो, परत येतो, ओलांडतो.
तिसऱ्या फेरीला माझा डोळा लागला.
जागी झाले तर पाण्याचा रंग बदललेला
आणि तो म्हातारा.
मधली वर्षं मी झोपून काढली, त्यानंही बहुतेक तशीच.

मंगळवारी भुताचा. भूत अगदीच पाणचट,
पण स्वयंपाकघरातली वाफाळलेली काच
कुणीतरी बोटानं पुसली होती, आतून.
काल घरी तशीच पुसून बघितली.
आई म्हणाली, फडकं घे.

बुधवारी युद्धाचा.
तेकले गोरीची आहे. पहिल्याच धमाक्याला उठली,
बाहेर पायरीवर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसली.
मीही उठले. ते पान कोरं आहे.

आणि गुरुवारी, शाळेच्या छोट्या थिएटरात,
जिथे हीटरला जळक्या धुळीचा वास येतो,
एक जुना इटालियन सिनेमा, नव्यानं धुऊन पुसून आणलेला.
पहिल्या चौकटीलाच मी ताठ बसले:
हा मला पाठ आहे.

आमच्या ग्लदानीच्या इमारतीत, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी,
वीज नसायची तेव्हा
प्रत्येक घरानं मगभर पेट्रोल द्यायचं, जनरेटर चालायचा,
आणि नवव्या मजल्यावर चाळीस माणसं पांघरुणं गुंडाळून
एका टीव्हीसमोर.
जुंबेरकाका शाळेत बीजगणित शिकवायचा. इटालियन अर्धंमुर्धं.
टीव्हीशेजारी उभा राहून बोलायचा:
नायक त्याच्या आवाजात, नायिका त्याच्याच आवाजात,
पाद्री, पोर, पोस्टमन, सगळे त्याच्याच.
फक्त कुत्र्याला स्वतःचं भुंकू द्यायचा.
कुणीतरी ते टेप केलं. त्या कॅसेटवर मी वाढले.

शेवटी स्टेशन. ती डब्याच्या दारात वळते.
हनुवटी थरथरते. जुंबेरकाका म्हणतो,
समीकरण सोडवल्यासारखा,
"थंडी आहे. आत जा."

आमच्या जिन्यात ती म्हणच झाली.
कुणी मॉस्कोला निघालं, कुणी ग्रीसला घरं पुसायला,
कुणी नुसतंच कचरा टाकायला,
निघणारा म्हणायचा: थंडी आहे, आत जा.
मामा गेला तेव्हा ऑगस्ट होता, तरी म्हणाला.

गुरुवारी पडद्याखाली पांढऱ्या अक्षरांत आलं:
"मी तुझ्यावर कधीच प्रेम केलं नाही."

थिएटरात कुणीतरी नाक ओढलं.
मी त्या हनुवटीकडे बघत राहिले.
वीस वर्षं तिला कुडकुडताना पाहिलं होतं मी.

शुक्रवारी संत्री घेऊन त्याच्याकडे गेले.
आता त्याचे हात कापतात, पण साल अखंड काढतो.
विचारलं, ते वाक्य तुला कळलं नव्हतं का?
"कळलं होतं की," म्हणाला. "सोपं वाक्य आहे."
मग बराच वेळ फक्त साल.
"पुढे नूनू बसली होती.
सहा आठवडे तिच्या नवऱ्याचा पत्ता नव्हता.
तिनंही मगभर पेट्रोल दिलं होतं."

सापडला का तो, हे मी विचारलं नाही.
नूनूला मी ओळखते. चौथ्या मजल्यावर एकटी राहते.

रात्री आवाज बंद करून तो शॉट अकरा वेळा पाहिला.
ओठ इटालियनच हलतात, ते कसे खोटं बोलतील.
पण हनुवटीवर दोन्ही वाक्यं बसतात.
लामाराबाईंना हे पटणार नाही.

निघताना लिफ्टच्या पेटीत नाणं टाकलं.
काका दारात उभा, सपाता घालून, हातात सालीचं वेटोळं.
लिफ्टची दारं खडखडत मिटायला लागली
तेव्हा तो काहीतरी म्हणाला.

वहीत लिहिलंय:
ओठ हलले.